संगणकाचा वेग आणि घटती सीमांत उपयोगिता

(द्वितीय वर्ष कला)

अर्थशास्त्राच्या अगदी सुरुवातीच्या धड्यांत घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धान्त असतो. भुकेल्या माणसाला पहिली भाकरी जे समाधान देते ते दुसरी देत नाही, आणि पाचवी तर नकोशीच होते, हे उदाहरण आपण सर्वांनी परीक्षेत लिहिले आहे. परंतु संगणकाचा एखादा भाग विकत घेताना हा सिद्धान्त आपण दुकानाच्या पायरीवर ठेवून आत जातो. एका खोक्यावर ३,५०० आणि दुसऱ्यावर ७,४०० असा आकडा दिसला की दुसरा माल दुपटीने चांगला, असे गृहीत धरतो. प्रस्तुत लेखात संगणकाच्या आत बसवावयाची ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’, म्हणजे बाजारात जिला सर्वजण एसएसडी म्हणतात ती, निवडावी कशी याचा विचार या सिद्धान्ताच्या आधारे करावयाचा आहे.

मी कला शाखेची विद्यार्थिनी आहे. या विषयाकडे वळले ती गरजेपोटी. गेल्या वर्षी दोन संगणकांसाठी एसएसडी निवडण्याचे काम माझ्याकडे आले. पहिला माझा स्वतःचा, वापरलेला म्हणून घेतलेला लॅपटॉप. त्याच्या दुरुस्तीसाठी आईने बचत गटातून कर्ज उचलले होते. दुसरा बार्शीला मामांच्या व्हिडिओ स्टुडिओतला. लग्नाच्या शूटिंगचे एडिटिंग त्यावर चालते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे ‘तू शिकलेली, तूच सांग’ असा दोघांचाही आग्रह. मामांचे म्हणणे, “सात हजारवालीच घ्यायची. पुण्याच्या स्टुडिओत तीच हाय म्हणं.” आईचे म्हणणे वेगळे होते. “पैसं गटाचं हायती. लागंल तेवढंच घे, पर कमी पडंल असं बी घिऊ नगंस.” आईच्या या वाक्यात सगळा प्रश्न आला. पुरेसे म्हणजे किती, हे ठरवावयाचे असेल तर आधी वस्तू काम कशी करते हे समजून घ्यावे लागते.

१. फिरती तबकडी

संगणकाची कायमची साठवण अनेक वर्षे हार्ड डिस्कवर होत आली. १९५६ साली आयबीएम कंपनीने आणलेल्या पहिल्या डिस्क यंत्रात चोवीस इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या सर्वांत मिळून सुमारे ५० लाख अक्षरे मावत. तबकड्या पुढे लहान झाल्या, साठवण लाखो पटींनी वाढली; पण तत्त्व बदलले नाही. तबकडी फिरते, एक दांडी पुढेमागे सरकते आणि दांडीच्या टोकावरचे डोके माहिती वाचते.

लॅपटॉपमधील सर्वसाधारण हार्ड डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेते. एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचे ११ सहस्रांश, लागतात. हवी ती जागा डोक्याखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते, आणि दांडी सरकण्यास आणखी दहाएक मिलिसेकंद. एका जागेमागे एकंदर १५ मिलिसेकंद धरले, तर सेकंदात सुमारे ६५ जागा वाचता येतात. संगणक सुरू होताना हजारो लहान फाईली निरनिराळ्या जागांवरून वाचाव्या लागतात. आपल्या ग्रंथालयात एकच शिपाई आहे आणि एका चिठ्ठीवर एकच पुस्तक आणून देतो, अशी कल्पना करावी. शिपाई कितीही चपळ असला तरी त्याचा वेळ वाचण्यात नव्हे, चालण्यात जातो. जुना संगणक ‘रांगतो’ त्याचे मुख्य कारण बहुधा हेच असते.

२. न फिरणारी साठवण

एसएसडीत फिरणारे काहीच नाही. तिच्यात सिलिकॉनच्या चिपा असतात आणि चिपांत अतिसूक्ष्म कप्पे. कप्प्यात विद्युतभार अडकवून ठेवला की तो वीज बंद झाल्यावरही राहतो. या कल्पनेचा पाया बेल प्रयोगशाळेत डॉन काँग व सायमन झे यांनी १९६७ साली घातला. जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली ‘फ्लॅश’ स्मृती जगापुढे मांडली आणि १९८७ साली तिचा आज सर्वत्र वापरात असलेला ‘नँड’ हा प्रकार. कॅमेऱ्याच्या फ्लॅशप्रमाणे सगळा मजकूर एका झटक्यात पुसला जातो, म्हणून हे नाव. १९९१ साली अमेरिकेतील सनडिस्क कंपनीने, जी पुढे सॅनडिस्क झाली, आयबीएमला २० एमबीची एसएसडी दिली. तिची किंमत सुमारे १,००० डॉलर होती. या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, संजय मेहरोत्रा, मूळचे कानपूरचे. आज १ टीबीची एसएसडी सामान्य समजली जाते. ती त्या पहिल्या वस्तूच्या ५० हजार पट आहे.

एका कप्प्यात किती माहिती कोंबली आहे यावरून एसएसडीचे प्रकार पडतात. एका कप्प्यात एकच बिट असेल तर भार आहे की नाही एवढेच ओळखावे लागते. तीन बिट असतील तर भाराच्या ८ पातळ्या ओळखाव्या लागतात. या प्रकाराला टीएलसी म्हणतात. चार बिट असतील तर १६ पातळ्या, तो क्यूएलसी. पेला भरलेला की रिकामा हे लांबूनही सांगता येते. परंतु पेल्यावर सोळा खुणा करून पाणी नेमके कोणत्या खुणेवर आहे हे सांगावयाचे झाले तर थांबून, वाकून पाहावे लागते, आणि ओतणाऱ्यालाही थेंबाथेंबाने ओतावे लागते. त्यामुळे क्यूएलसी स्वस्त पडते, पण लिहिण्यास मंद आणि झिजण्यास लवकर.

दुसरी गोष्ट अशी की, फ्लॅशमध्ये लिहिलेले एक अक्षर तेवढेच पुसता येत नाही. लिहावयाचे पानापानाने आणि पुसावयाचे मात्र पानांचा सबंध गठ्ठा. म्हणून एसएसडीतील नियंत्रक चिप, म्हणजे कंट्रोलर, उपयोगी पाने दुसरीकडे उतरवून मग जुना गठ्ठा पुसते. ही उचलठेव करावयास मोकळी जागा लागते. एसएसडी काठोकाठ भरली की ती मंद होते याचे कारण हे. दहा ते वीस टक्के जागा रिकामी ठेवावी, हा नियम त्यातूनच आला.

कोणते पान कोठे ठेवले याची एक सूची कंट्रोलरला लागते. १ टीबीला साधारण १ जीबी एवढी ही सूची होते. चांगल्या एसएसडीत त्यासाठी डीरॅमची वेगळी चिप असते. स्वस्त मालात ती नसते. अशा काही एसएसडी संगणकाच्या मुख्य स्मृतीतून थोडी जागा उसनी घेतात. ही उसनवारीची सोय एनव्हीएमई या प्रकारात आहे, साटा प्रकारात नाही. यास्तव साटा एसएसडी घेताना डीरॅम आहे की नाही हे आवर्जून विचारावे.

३. रस्ता आणि गाडी

साटा आणि एनव्हीएमई हे दोन शब्द वर आले. ते रस्त्यांसंबंधी आहेत. साटा हा मूळ हार्ड डिस्कसाठी बांधलेला रस्ता. त्याची कमाल मर्यादा सेकंदाला ६०० एमबी, प्रत्यक्षात सुमारे ५५० एमबी. एनव्हीएमई ही २०११ साली ठरलेली पद्धत खास अशा साठवणीसाठी आहे आणि ती पीसीआय एक्स्प्रेस या रुंद रस्त्यावरून चालते. या रस्त्याच्या पिढ्या आहेत. चार पदरी रस्ता धरला तर तिसऱ्या पिढीत सेकंदाला सुमारे ३,५०० एमबी, चौथीत ७,००० हून थोडे अधिक आणि पाचवीत १४,००० च्या आसपास वेग मिळतो.

येथे एक घोटाळा फार जणांचा होतो. ‘एम डॉट टू’ हे वेगाचे नाव नसून आकाराचे नाव आहे. २२ मिलिमीटर रुंद आणि बहुधा ८० मिलिमीटर लांब अशी ती पट्टी असते. दिसावयास एकसारख्या दोन पट्ट्यांपैकी एक साटाची असू शकते आणि दुसरी एनव्हीएमईची. तेव्हा आपल्या संगणकाच्या खाचेत यांपैकी काय चालते हे मदरबोर्डच्या माहितीपत्रकात आधी पाहिले पाहिजे.

माझ्या लॅपटॉपमध्ये अशी खाच नव्हतीच. त्यात अडीच इंची, ७ मिलिमीटर जाडीची साटा डिस्क बसेल एवढीच जागा होती. मामांच्या संगणकात खाच होती. पण मदरबोर्ड बी-४५० चिपसेटचा असल्याने ती पीसीआय एक्स्प्रेसच्या तिसऱ्या पिढीची. तीत सात हजारांची एसएसडी बसली असती, चाललीही असती, पण साडेतीन हजारांच्या वेगाने.

४. पहिली भाकरी, दुसरी भाकरी

आता सिद्धान्ताकडे वळू. खोक्यावरचा वेग हा एकच मोठी फाईल सलग वाचण्याचा असतो. आपले रोजचे काम तसे नसते. ते लहान लहान तुकड्यांचे असते. ४ केबीचा एक तुकडा, तो आला की पुढचा, अशा रीतीने वाचल्यास काय होते ते पाहावे. हार्ड डिस्क सेकंदात ६५ तुकडे आणते, म्हणजे जेमतेम पाव एमबी. साटा एसएसडी सुमारे १०,००० तुकडे आणते, म्हणजे ४० एमबी. चांगली एनव्हीएमई एसएसडी साधारणपणे त्याच्या दुप्पट, म्हणजे ८० एमबीच्या आसपास. पहिल्या पायरीवर वाढ १६० पट. दुसऱ्या पायरीवर फक्त दुप्पट, आणि तीही खोक्यावरचा आकडा तेरा पट दिसत असताना!

शिवाय संगणक नुसता वाचत बसत नाही. वाचलेल्यावर प्रक्रियाही करतो. एखाद्या कामाचा जो भाग आपण वेगवान केला नाही, तोच शेवटी सगळ्या कामाचा वेग ठरवतो, असा जीन अमदाल यांनी १९६७ साली मांडलेला नियम आहे. माझा लॅपटॉप पूर्वी सुरू होऊन कामास तयार व्हावयास तीन मिनिटे घेई. साटा एसएसडी बसविल्यावर तो अर्ध्या मिनिटाच्या आत तयार होऊ लागला. हे उरलेले अर्धे मिनिट बहुतांशी प्रोसेसरचे आहे. साठवण दुप्पट वेगवान केली असती, तर दोन-चार सेकंद वाचले असते. त्यापेक्षा उरलेल्या पैशांत रॅम ४ जीबीवरून ८ जीबी करणे अधिक फायद्याचे ठरले. अर्थशास्त्रात ज्याला संधी खर्च म्हणतात तो हाच. एक वस्तू घेताना आपण दुसरी कोणती सोडतो याचा विचार.

५. मामांचा हिशेब

मामांचे काम निराळे, म्हणून त्यांचा हिशेब वेगळा मांडावा लागला. एका लग्नाचे शूटिंग सुमारे ३०० जीबी होते. ते कॅमेऱ्याच्या कार्डावरून संगणकात घ्यावयाचे. त्यांची कार्डे ज्या प्रकारची आहेत त्यांची कमाल मर्यादाच सेकंदाला १०४ एमबी. प्रत्यक्षात ९० मिळतात. या वेगाने ३०० जीबीला ५५ मिनिटे लागतात. एसएसडी साडेपाचशेची असो की सात हजारांची, ही ५५ मिनिटे एका मिनिटानेही कमी होत नाहीत. कमी करावयाची तर दोन कार्डरीडर एकदम लावावेत. मग वेग १८० होतो आणि काम २८ मिनिटांत आटोपते.

परंतु त्यासाठी एसएसडीने सलग अर्धा तास १८० एमबीने लिहीत राहिले पाहिजे. येथे खोक्यावरचा आकडा फसवा ठरतो. बहुतेक एसएसडी सुरुवातीला काही कप्प्यांत एकेकच बिट ठेवून झपाट्याने लिहितात. ही तात्पुरती जागा संपली की खरा वेग उघडा पडतो. २०२० साली आलेल्या सॅमसंग ८७० क्यूव्हीओ या क्यूएलसी एसएसडीचे उदाहरण घेऊ. तिच्या १ टीबीच्या नगाबाबत कंपनीनेच आपल्या पत्रकात दिले आहे की, तात्पुरती जागा जास्तीत जास्त ४२ जीबी आणि ती संपल्यावर लिहिण्याचा वेग सेकंदाला ८० एमबी. म्हणजे ३०० पैकी उरलेल्या २५८ जीबीला ५४ मिनिटे. दोन कार्डरीडर लावून कमावलेला अर्धा तास गेलाच! घरगुती वापरासाठी हा माल वाईट नाही. ४२ जीबी एकदम लिहिण्याची वेळ आपल्यावर सहसा येतही नाही. मामांच्या कामाला मात्र तो उपयोगी नव्हे.

एडिटिंग करताना लागणारा वेगही मोजून पाहिला. त्यांच्या कॅमेऱ्याचे चित्रण सेकंदाला १०० मेगाबिट, म्हणजे साडेबारा एमबी. तीन कॅमेऱ्यांचे चित्रण एकत्र चालविले तरी साडेसदतीस एमबी. यावरून सात हजारांची गरज कोठेच दिसली नाही. गरज होती ती टीएलसी प्रकाराची, डीरॅम असलेली, सलग लिहिण्यास टिकणारी आणि मोठ्या मापाची एसएसडी. १ टीबीची ड्राइव्ह विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, कारण कारखाना हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १,०२४ च्या. तीत मोकळी जागा राखून दोनच लग्ने मावतात. म्हणून पिढीचे पैसे वाचवून ते मापावर खर्च करावेत आणि २ टीबी घ्यावी, असे मी सुचविले. मामांनी बराच वेळ कागदावरची बेरीज पाहिली आणि म्हणाले, “म्हंजे माझं काम कार्डापाशी अडतंय, डिस्कपाशी न्हाई.” मला दोन पाने लागली ते त्यांनी एका वाक्यात सांगितले.

उष्णतेचाही विचार करावा लागला. लग्नसराई एप्रिल-मे महिन्यांत, आणि सोलापूर जिल्ह्यात तेव्हा पारा ४० अंशांच्या वर असतो. एनव्हीएमई एसएसडीचा कंट्रोलर फार तापला की स्वतःला वाचविण्यासाठी आपणहून वेग कमी करतो. पाचव्या पिढीच्या एसएसडी तर उष्णताशोषक पट्टीशिवाय वापरूच नयेत. मामांच्या एसएसडीवरही ॲल्युमिनियमची साधी पट्टी बसवून घेतली.

६. आयुष्य आणि जोखीम

‘एसएसडी झिजते’ ही भीती पुष्कळांना वाटते. कंपन्या आयुष्य टीबीडब्ल्यू या मापात देतात. म्हणजे एकूण किती टीबी लिहिण्यापर्यंत हमी. सॅमसंग ९९० प्रो या २०२२ सालच्या एसएसडीच्या १ टीबी नगाला ६०० टीबीडब्ल्यू किंवा ५ वर्षे, जे आधी होईल ते, अशी हमी आहे. हे दिवसाला सुमारे ३२८ जीबी पडते. विद्यार्थी दिवसाला २० जीबी लिहितो असे भरघोस धरले, तरी ६०० टीबी संपावयास ८२ वर्षे लागतील. मामा एका लग्नामागे ५०० जीबी लिहितात आणि वर्षाला ८० लग्ने करतात असे मानले, तर वर्षाला ४० टीबी. म्हणजे १५ वर्षे. तात्पर्य, झिजेची चिंता अवास्तव आहे.

खरी जोखीम वेगळी आहे. हार्ड डिस्क बिघडण्यापूर्वी पुष्कळदा खरखर आवाज करते. एसएसडी काही न बोलता अचानक बंद पडू शकते. शिवाय पुसलेल्या फाईलीची जागा मोकळी झाल्याचे संगणक एसएसडीला लगेच कळवितो. ती जागा साफ झाली की फाईल परत मिळणे जवळजवळ अशक्य असते. पूर्ण झिजलेल्या घरगुती एसएसडीने वीज नसताना ३० अंश तापमानात एक वर्ष माहिती टिकवावी, एवढीच जेडेक या संस्थेच्या प्रमाणात अपेक्षा आहे. म्हणून एसएसडी ही कामाची जागा आहे; माळा नव्हे. मामांच्या संगणकातील जुनी हार्ड डिस्क आम्ही काढून टाकली नाही. पूर्ण झालेल्या प्रत्येक लग्नाची एक प्रत तिच्यावर आणि दुसरी बाहेरच्या डिस्कवर ठेवण्याचा नेम केला. कोणाची आजी त्या चित्रणात शेवटची दिसत असते. ते लग्न पुन्हा लागत नाही आणि ते चित्रण कोणत्याही हमीपत्राने भरून मिळत नाही.

७. दुकानात जाण्यापूर्वी

वरील विवेचनातून निघणारे प्रश्न खाली देते. ते याच क्रमाने विचारावेत.

(१) माझ्या संगणकात काय बसते? अडीच इंची साटा, की एम डॉट टू? त्यात साटा की एनव्हीएमई, आणि कोणती पिढी?
(२) माझे काम नेमके कोठे अडते? साठवणीपाशी, रॅमपाशी, प्रोसेसरपाशी, की बाहेरून येणाऱ्या कार्डापाशी?
(३) कप्पे टीएलसी की क्यूएलसी? डीरॅम आहे काय?
(४) तात्पुरती जागा संपल्यावर लिहिण्याचा वेग किती?
(५) माप पुरेसे आहे काय, वीस टक्के मोकळे ठेवूनही?
(६) हमी किती वर्षांची, किती टीबीडब्ल्यूची, आणि पक्के बिल मिळेल काय?
(७) दुसरी प्रत कोठे ठेवणार?

खोक्यावरचा मोठा आकडा या यादीत नाही, हे वाचकांच्या लक्षात येईल. वस्तू घरी आणल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत प्रोग्रॅमने तिचे नाव, माप आणि वापरलेले तास तपासावेत. नवी म्हणून वापरलेली वस्तू गळ्यात मारली असल्यास ती तेव्हाच कळते. किमतींविषयी मी मुद्दामच काही लिहिले नाही. २०२५ च्या उत्तरार्धापासून डेटा केंद्रांच्या मागणीमुळे स्मृतिचिपा महागल्या आणि आजचा भाव महिन्याभराने राहील याची खात्री नाही. भाव चढे असताना तर ‘लागेल तेवढे’ हा हिशेब अधिकच काटेकोर करावयास हवा.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी, आणि कॉलेजांच्या संगणककक्षांतही, ‘निकामी’ म्हणून बाजूला ठेवलेले संगणक असतात. त्यांतील सगळेच निकामी नसतात. काही नुसते शिपायाची वाट पाहत थांबलेले असतात. अशा संगणकाला सर्वांत साधी साटा एसएसडी दिली तरी तो आणखी काही वर्षे अभ्यासाला उपयोगी पडेल. नवा घेण्यासाठी कर्ज काढण्यापूर्वी एकदा तो उघडून पाहावा, एवढीच माझी सहाध्यायांना विनंती आहे.